वेंगुर्ल्याच्या बाजारचौकाची दोन जुनी छायाचित्रे : काळ कसा ठरवावा?

प्रश्न : बांधावरून
आजोबांच्या ट्रंकेत वेंगुर्ल्याच्या बाजारचौकाची दोन छायाचित्रे सापडली. दोहोंच्या मागे एकाच हस्ताक्षरात, शिसपेन्सिलीने, ‘सन १९४८’ असे लिहिले आहे. पहिल्यात बैलगाड्या आहेत, विजेचा खांब एकही नाही, आणि डाव्या कोपऱ्यातील एका घरावर अजून नळे (जुनी अर्धगोल देशी कौले) आहेत. बाकी सर्वत्र मंगलोरी कौले. दुसऱ्यात खांब आले आहेत, नळ्यांचे घर मात्र उजव्या कोपऱ्यात दिसते. तेथील किराणा दुकानाच्या फळीवर, भिंगातून पाहिल्यास, ‘न. पै.’ आणि ‘किलो’ एवढी अक्षरे लागतात. एकाच वर्षात चौक एवढा पालटला, हे पटत नाही.

उत्तर : खारा_वारा
दुसरे छायाचित्र १९४८ चे असूच शकत नाही. नये पैसे १ एप्रिल १९५७ रोजी चलनात आले, आणि किलोची वजने ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. तोवर बाजारात शेर आणि आणेच चालत. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतरीत्या गळला. आता आपण एवढे पाहावे, की भाव रंगाने लिहिले आहेत की खडूने. रंगवलेली फळी दुकानदार वर्षानुवर्षे तशीच ठेवतो (पुन्हा रंगवायचा खर्च कोण करणार?), पण खडूचे भाव हे त्या दिवसाचे भाव.

उत्तर : जुनी_वखर
कौलांवर फार विसंबू नये. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, त्यामुळे तशी कौले दिसली की छायाचित्र त्याच्या नंतरचे, एवढेच म्हणता येते. मला खटकते ते निराळेच : एकच घर डावीकडून उजवीकडे कसे जाईल? निगेटिव्हची बाजू चुकली, तर संपूर्ण चौक आरशातल्यासारखा उलटा छापला जातो. पहिल्या छायाचित्रात कोणी कोट घातलेला आहे का? पुरुषाच्या कोटाची बटणे त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला असतात.

प्रतिसाद : बांधावरून
भाव खडूचेच आहेत; ‘किलो’मधला ‘ल’ बोटाने अर्धा पुसला गेला आहे. म्हणजे ते छायाचित्र १९५८ नंतरचे, आणि बहुधा ‘नये’ जाण्यापूर्वीचे. पहिल्यात गाडीला टेकून उभ्या असलेल्या गृहस्थांच्या कोटाची बटणे त्यांच्या डाव्या हाताला आहेत. छायाचित्र आरशासमोर धरले, तेव्हा नळ्यांचे घर उजव्या कोपऱ्यात येऊन बसले, आणि त्याच्या ओट्याची मधली मोडकी पायरीही दुसऱ्या छायाचित्रातल्या पायरीशी जुळली. पहिल्याच्या मागचे १९४८ तेवढे तूर्त तसेच ठेवतो.