उमेदवारच नाहीत, मग पोप निवडून येतो कसा?

गोदाकाठ: मे २०२५मध्ये लिओ चौदावे निवडून आले तेव्हापासून एक शंका आहे. कुणी अर्ज भरत नाही, प्रचाराला बंदी, आत मोबाइल नाही. तरी १३३ कार्डिनलांपैकी (म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी) दोन तृतीयांश, म्हणजे किमान ८९ जण चौथ्याच फेरीत एका नावावर कसे आले? आधीच ठरलेलं असतं का?

नंदाखालकर: ठरलेलं नसतं, पण बोलणं झालेलं असतं. पोप फ्रान्सिस २१ एप्रिलला गेले, मतदान ७ मेला सुरू झालं. मधल्या काळात कार्डिनलांच्या सभा चालतात. कोण काय मांडतो, दुसऱ्याचं कसं ऐकून घेतो, हे सगळे बघत असतात. माझ्या मते निवड तिथेच आकार घेते. २०१३मध्ये बर्गोलिओ अशाच सभेत काही मिनिटंच बोलले: चर्चने स्वतःतच गुंतून न राहता कडेला पडलेल्यांपर्यंत जावं. थोड्याच दिवसांत तेच पोप फ्रान्सिस झाले.

प्रत्यक्ष मतदान होतं त्या व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये मात्र भाषणं नाहीत. पहिल्या दिवशी एक फेरी, मग रोज चार. चिठ्ठीवर नाव लिहायचं, तेही शक्यतो अक्षर ओळखू येणार नाही असं. मग घडी घातलेली चिठ्ठी हातात उंच धरून एकेकाने वेदीपाशी जायचं. समोर मायकेल अँजेलोचं ‘अंतिम न्याय’. तिथे शपथ घ्यायची, की माझा न्याय करणाऱ्या ख्रिस्ताच्या साक्षीने, देवासमोर मला जो योग्य वाटतो त्यालाच मी मत देतोय. आम्हा श्रद्धावंतांना हा क्षण फार मोलाचा वाटतो. त्या चित्रासमोर उभं राहून सौदा करणं सोपं नाही.

मोजताना नावं मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक चिठ्ठी सुईने दोऱ्यात ओवतात. कौल कुठे झुकतोय ते सगळ्यांना कळतं. मुक्कामाला, सांता मार्तात, जेवताना बोलणं होतं आणि विखुरलेली मतं सरकू लागतात.

सह्याद्रीवारा: आणि सरकलीच नाहीत तर?

नंदाखालकर: इटलीतल्या व्हितेर्बोला १२६८ ते १२७१ हेच झालं, जवळजवळ तीन वर्षं. त्यातून निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरींनी १२७४मध्ये कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा नियमच केला.

मांडवीतीर: आमच्या गोव्याचे फिलीप नेरी फेर्रांव मतदानाला होते. मग मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशस का नव्हते?

नंदाखालकर: वय. ८० पूर्ण झाली की मत देता येत नाही, हा पोप सहाव्या पॉल यांचा १९७०चा नियम. ग्रेशस यांना डिसेंबर २०२४मध्ये ८० पूर्ण झाली. २०१३ला त्यांनी मत दिलं होतं. ते आत असते तर आम्हा वसईकरांना आनंदच झाला असता, तरी नियम मला योग्य वाटतो.