एस.वाय.च्या सांख्यिकीचे व्हिडिओ टाकतेय, पण मुलं बघत नाहीत. काय करावं?

सांख्यिकी_नाशिक

नमस्कार. नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर सांख्यिकी शिकवते. एस.वाय.ला ऐंशीच्या आसपास मुलं आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त बाहेरगावची. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक. सकाळच्या एस.टी.ने येतात आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या तासाला उठून जातात. द्राक्षांची छाटणी सुरू झाली की दिंडोरीकडची मुलं आठवडा-आठवडा दिसत नाहीत. त्यांना मी बोल लावणार नाही, त्या कामावर घर चालतं.

कॉलेजने सांगितलं, प्रत्येक युनिटचे व्हिडिओ करून गुगल क्लासरूमवर टाका. मी मनापासून केले. एकेक चाळीस मिनिटांचा, वहीत व्यवस्थित सोडवून दाखवलेली गणितं. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलेत, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतात. किती जण कुठपर्यंत टिकले ते तिथल्या आलेखात दिसतं. बहुतेक जण सुरुवातीलाच गळतात. तासाला "समजलं का?" विचारलं की सगळे "हो मॅडम". चाचणीत मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) बरोबर काढतात, पण "इथे सरासरी का वापरू नये?" या प्रश्नाची जागा कोरी.

फोन प्रत्येकाकडे नाही. काहींच्या घरी भावंडांत मिळून एक. मला तंत्रज्ञान वापरायचंय, पण मुलांच्या कामी येईल असं. कोणी अशा वर्गात काही करून पाहिलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगाल का?

रसायनवाले_सर

मॅडम, तुमचे व्हिडिओ चांगलेच असणार. पण चाळीस मिनिटं कुठलीच मुलं बघत नाहीत, हे फक्त आपल्या मुलांचं नाही. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला, जवळपास 69 लाख वेळा बघितलेल्या व्हिडिओंच्या नोंदींवरून. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. तेव्हा पहिलं काम म्हणजे तुकडे करा, एका तुकड्यात एकच मुद्दा.

पण तेवढ्याने भागत नाही, कारण व्हिडिओ बघताना मुलगा नुसता बघत असतो. त्याला आठवायला लावलं पाहिजे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक साधा प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना 42. आपल्या परीक्षा आठवड्याने नाही, चार महिन्यांनी असतात.

आता साधन. प्लिकर्स बघा. यात मुलांकडे फोन लागत नाही, फक्त तुमच्याकडे लागतो. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचा एक पत्ता, त्यावर काळ्या चौकटींची नक्षी. पत्त्याच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अगदी बारीक छापलेलं असतं. जे उत्तर वाटेल ती बाजू वर करून पत्ता धरायचा. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणाचं उत्तर काय ते स्क्रीनवर येतं. प्रत्येक पत्त्याची नक्षी वेगळी, म्हणून शेजारच्याचं बघून उपयोग होत नाही. पत्ते त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात, नेहमीचा संच 40 चा आहे. तुमच्या वर्गात दोघांत एक पत्ता द्या. मी मुद्दाम तसंच करतो, कारण पत्ता वर करण्याआधी दोघांना आपसात ठरवावं लागतं.

एक गोष्ट झेरॉक्सवाल्याला आवर्जून सांगा: जाड कागद चालेल, चकचकीत लॅमिनेशन नको. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही.

प्रश्न कसला विचारायचा यावर सगळं आहे. आकडेमोडीचा नको. तुमच्याच विषयातला सांगतो. लासलगावला पाच शेतकऱ्यांना क्विंटलला मिळालेला कांद्याचा भाव समजा असा: 900, 1000, 1000, 1100, 4000. सरासरी 1600, मध्यक 1000. आता शेवटचा भाव 4000 ऐवजी 6000 झाला तर काय बदलेल? फक्त सरासरी, फक्त मध्यक, दोन्ही, की काहीच नाही? पत्ते वर करा. उत्तर लगेच सांगू नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 पासून ही पद्धत चालवली. त्यांचा ठोकताळा असा की साधारण 30 ते 70 टक्के मुलांचं उत्तर बरोबर आलं, तर मुलांना एकमेकांना पटवून द्यायला सांगायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी आलं तर तुम्ही पुन्हा शिकवा, जास्त आलं तर पुढे चला. मधली तीन-चार मिनिटं वर्गात जो गलका होतो ना, त्यासाठी मी तास घेतो.

आणि कळकळीने सांगतो, याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू नका. धरले की मुलं बरोबर उत्तर शोधायला लागतात, स्वतःला काय वाटतं ते दाखवत नाहीत.

पेठची_एम.एस्सी.

मॅडम, मी पेठ तालुक्यातली. बी.एस्सी. नाशिकलाच झालं, आता एम.एस्सी. करतेय. व्हिडिओ बघत नाही म्हणजे शिकायचं नाही असं समजू नका. आमच्या घरी दिवसाचा दीड जीबी तिघांत असायचा आणि फोन संध्याकाळी भाऊ कामावरून आला की हातात यायचा. तुमचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ उघडला की डेटा तिथेच संपणार.

आम्हाला एक मॅडम व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायच्या. आठ-दहा मिनिटांचा, दोन एमबीच्या आसपास, आणि सोबत वहीच्या एका पानाचा फोटो. पानावर प्रत्येक ओळीला नंबर घातलेला. आवाजात म्हणायच्या, "आता तिसरी ओळ बघा. इथे एन ऐवजी एन वजा एक का घेतला?" मग म्हणायच्या, "थांबवा. पाचवी ओळ तुम्ही लिहा." आणि पाचवी ओळ फोटोत खरंच कोरी असायची. सावळघाटात रेंज जाते, पण उतरवलेला आवाज एस.टी.त ऐकता येतो. मी अशीच शिकले.

दोन गोष्टी जरूर करा. जे पाठवायचं ते सकाळी पाठवा, म्हणजे आम्ही कॉलेजात असतानाच उतरवून घेतो. रात्री पाठवलं तर गावात नुसतं चाक फिरत राहतं. आणि असाइनमेंटची मुदत रात्री बाराची ठेवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्या, कॉलेजात आल्यावर आम्ही जमा करू.

गणित_देवळालीकर

पत्ते आणि आवाज दोन्ही पटलं. माझं एवढंच म्हणणं की फळा सोडू नका. सूत्र सिद्ध करताना पीपीटी लावली की पूर्ण पान एकदम समोर येतं आणि मुलांचा हात वहीवरून उठतो. खडूने लिहिताना आपला वेग आणि त्यांचा वेग एक राहतो. प्रोजेक्टर मी फक्त काहीतरी हलवून दाखवायचं असेल तेव्हाच लावतो. जिओजिब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रसामान्य वक्र (घंटेच्या आकाराचा) काढा, प्रमाण विचलनाचा, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचा, स्लायडर सरकवा. विचलन वाढलं की वक्र बसका आणि पसरट होतो, कमी केलं की उंच आणि अरुंद. क्षेत्रफळ मात्र तेवढंच. हे फळ्यावर दाखवता येत नाही. जिओजिब्रा फुकट आहे आणि संगणकावर एकदा घेतलं की इंटरनेट लागत नाही.

समंत्रक

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर शिकवतो. आपल्या नाशिकचं हे विद्यापीठ 1989 चं, म्हणजे इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधीचं. शिक्षक रोज समोर नसणार हे धरूनच तिथली पुस्तकं लिहिलेली असतात: मजकुरातच थांबून प्रश्न, स्वतः तपासायची उत्तरं. पेठच्या ताईंच्या मॅडम जी कोरी ओळ ठेवायच्या, तीच ही गोष्ट.

माझ्या संपर्कसत्राला येणारे बरेच जण नोकरी करून येतात. त्यांच्यासमोर पाठ पुन्हा वाचून दाखवणं म्हणजे त्यांची सुट्टी वाया घालवणं. म्हणून आदल्या दिवशी एक गुगल फॉर्म पाठवतो, त्यात एकच प्रश्न: कुठे अडलं? नाव लिहायची सक्ती नाही. गटावर जो कधी बोलत नाही तो इथे लिहितो. सत्र त्या यादीवरून चालतं. फॉर्मला डेटा नगण्य लागतो आणि "समजलं का?" या प्रश्नाला जे उत्तर कधी येत नाही ते तिथे येतं.

एक जोड देतो. प्रात्यक्षिकाला स्प्रेडशीट वापरत असाल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिब्रेऑफिस कॅल्कचे पाठ मराठी आवाजात आहेत. छोटे आहेत, आणि बघता बघता शेजारी स्वतः करत जायचं अशीच त्यांची रचना आहे. छाटणीला गेलेली मुलं परतल्यावर त्यांना त्यावरच बसवा.

सांख्यिकी_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. सर, पत्ते छापले, साध्या जाड कागदावर. कांद्याचाच प्रश्न घेतला. पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त पत्ते "दोन्ही"ला होते. आकडा बदलला म्हणजे सगळंच बदलणार, असं त्यांना वाटत होतं. मी गप्प राहिले आणि आपसात बोला म्हटलं. मागच्या बाकावरची सुरगाण्याची एक मुलगी, जी वर्षभर बोलली नव्हती, ती शेजारच्या मुलाला पाच बोटं दाखवून समजावत होती: मधलं बोट तेच आहे, टोकाचं कितीही लांब कर. दुसऱ्या फेरीत वर्ग बराचसा "फक्त सरासरी"वर आला. त्या दिवशी गाडीच्या वेळेला कोणी उठलं नाही. शेवटी मीच पाच मिनिटं आधी सोडलं.

पेठच्या ताई, सहसंबंधाच्या युनिटचा व्हिडिओ बाजूला ठेवून तीन आवाज आणि तीन पानं केली आहेत. कोऱ्या ओळींसकट. सकाळीच पाठवते.

आता पुढचं युनिट नमुना निवडीचं आहे. त्यावर पत्त्यांसाठी चार पर्यायांचे प्रश्न करायला बसलेय. सोपा यादृच्छिक नमुना (सगळ्यांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेला) आणि स्तरित नमुना (आधी गट पाडून प्रत्येक गटातून निवडलेला) यांतला फरक मुलांना नुसत्या व्याख्येने कळत नाही. द्राक्षबाग, बाजार समिती, एस.टी. डेपो असल्या ठिकाणचा एखादा प्रश्न कोणाकडे असेल तर इथे टाका. मीही माझे टाकते.