मदत हवी आहे: जर्मनीत बहिणीसाठी खोली

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. धाकट्या बहिणीला आखेनला एमएससाठी प्रवेश मिळाला, ऑक्टोबरात जायचं आहे. ब्लॉक्ड अकाउंटात (व्हिसासाठीचं खातं, त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) ११,९०४ युरो भरले. महिन्याला ९९२ हाती येतील, भाडं त्यातूनच. तिथल्या स्टुडंट होस्टेलला अर्ज टाकलाय, पण यादी मोठी आहे.

आता एका घरमालकाचा मेल आलाय: मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल. फोटो इतके चकाचक की बाबा लगेच हो म्हणत होते! मला काही हे पटत नाही, पैसे पाठवले नाहीत. कायद्यानं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं, एवढं वाचलंय.

खोली न पाहता इथूनच करार करावा, की पहिला महिना तात्पुरती सोय करून तिथं शोधावी? राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. तात्पुरत्या जागेवाले ते देतात का? गावात विचारावं असं कोणी नाही, आणि नागपूरचा एजंट प्रवेशाच्या पुढं बोलत नाही. आखेनकडे कोणी असाल तर सांगा बाप्पा. पोरगी शाकाहारी आहे, पण स्वयंपाकघर सामायिक असलं तरी चालेल.