१९३४ च्या इंग्रजी भाडेपट्ट्यातले जुने शब्द: डिमाइझ, मेस्युएज, डिटर्मिनेशन

वाडा_जुनेनाशिक:
जुन्या नाशकातल्या एका वाड्याचा १९३४ सालचा इंग्रजी भाडेपट्टा आहे. टंकलिखित प्रत, स्वल्पविराम जवळपास नाहीत. वाटणीच्या बोलणीसाठी मराठी गोषवारा करायचा आहे. इंडेंचर, मेस्युएज, हेरेडिटामेंट्स, अपर्टनन्सेस हे शब्द अडले. 'डिमाइझ'चा अर्थ कोशात मृत्यू दिलाय, पण त्या वाक्यात कुणाच्या मरणाचा संबंध नाही. 'सूनर डिटर्मिनेशन ऑफ द सेड टर्म' म्हणजे मुदत लवकर ठरवणे का? क्षेत्र '२४२ स्क्वेअर यार्ड्स सुपरफिशियल' आणि भाडं '१०-८-०' असं आहे.

दस्तवाचक:
आधी वाक्य तोडा, शब्द नंतर. अशा दस्तात विरामचिन्हांचं काम मोठ्या लिपीतले शब्द करतात. 'व्हेअरअ‍ॅज' आलं की पूर्वपीठिका, म्हणजे मालकी कुठून आली ते. 'विटनेसेथ'पासून खरा व्यवहार सुरू. 'टु हॅव अँड टु होल्ड'नंतर मुदत, 'यील्डिंग अँड पेइंग'नंतर भाडं, 'प्रोव्हायडेड ऑलवेज'नंतर अटी. या प्रत्येक जागी पेन्सिलीने रेघ मारली की सात-आठ तुकडे हातात येतात आणि प्रत्येकाचा गोषवारा दोन ओळींत होतो.

आता शब्द. डिमाइझ म्हणजे इथे भाडेपट्ट्याने देणे. मूळ अर्थ हक्क दुसऱ्याकडे सोपवणे. राजा वारला की राज्य वारसाकडे जातं, त्या प्रसंगालाही हाच शब्द होता आणि तिथून तो मृत्यूला चिकटला. इंडेंचर म्हणजे दोन्ही पक्षांनी केलेला करारनामा. पूर्वी एकाच कातड्यावर दोन प्रती लिहून मधून दातेरी कापत आणि वाद झाला तर दाते जुळवून पाहत. मेस्युएज म्हणजे घर, त्याची जोडबांधकामं आणि लगतचं अंगण-परसू मिळून. हेरेडिटामेंट्स म्हणजे वारशाने जाऊ शकणारी कोणतीही मालमत्ता. हे दोन्ही शब्द कोशात नीट मिळतात, त्यांचा धोका नाही.

धोका ओळखीच्या शब्दांचा. डिटर्मिनेशन म्हणजे ठरवणं नव्हे, संपुष्टात येणं. हा अर्थ कायद्यात आजही जिवंत आहे: मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १११, भाडेपट्टा कोणत्या कारणांनी 'डिटर्माइन' होतो. पहिलंच कारण 'एफ्लक्स ऑफ टाइम', म्हणजे मुदत सरणं. तेव्हा तुमच्या वाक्याचा अर्थ 'सदर मुदत संपण्यापूर्वी पट्टा संपुष्टात आल्यास'. इथे चूक झाली तर गोषवाऱ्याचा अर्थच उलटेल.

गोदाकाठ:
क्षेत्र आणि भाड्याचं सांगतो. सुपरफिशियल म्हणजे वरवरचं नव्हे, तर क्षेत्रफळाचं माप. १२१ चौरस वार म्हणजे १ गुंठा, म्हणून २४२ चौरस वार म्हणजे बरोबर २ गुंठे, २१७८ चौरस फूट. पुढे 'ऑर देअरअबाउट्स' आहे का बघा. असेल तर गोषवाऱ्यात 'सुमारे' लिहायलाच हवं.

१०-८-० म्हणजे १० रुपये ८ आणे ० पै. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. म्हणजे साडेदहा रुपये. पै आणि पैसा एक धरू नका, जुना पैसा ३ पैंचा होता. 'पर मेन्सेम' असेल तर भाडं दरमहा, 'पर अ‍ॅनम' असेल तर सालीना. या एका शब्दाने हिशेब बारापट बदलतो.

आणखी एक शब्द नक्की सापडेल: लेट. 'डिमाइझ अँड लेट'मध्ये तो भाड्याने देणे, पण 'विदाउट एनी लेट, सूट, इव्हिक्शन'मध्ये अडथळा. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, पुढे उच्चार एक झाला. दुसरा अर्थ आपल्या पासपोर्टच्या सुरुवातीच्या विनंतीत अजून आहे, 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स', आणि ती पुस्तिका छापली जाते आपल्याच नाशिकरोडच्या मुद्रणालयात.

मोडी_ते_मराठी:
गोषवाऱ्यासाठी नवे शब्द घडवू नका, आपल्या खरेदीखतांची भाषा तयार आहे. लेसर आणि लेसी म्हणजे लिहून देणार, लिहून घेणार. 'बटेड अँड बाउंडेड' म्हणजे चतुःसीमा. 'अफोरसेड'ला सदर. अपर्टनन्सेसला 'तदंगभूत हक्क', म्हणजे जागेला जोडून येणारे हक्क. माणसांबद्दलचे शब्दही तपासा: वाटणी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय. 'रेलिक्ट' म्हणजे विधवा, 'इश्यू' म्हणजे संतती, 'मॉइटी' म्हणजे निम्मा हिस्सा, आणि 'इन्फंट' म्हणजे तान्हं मूल नव्हे, कायद्याने अज्ञान व्यक्ती. ती सतरा वर्षांचीही असेल.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उलटा वापरा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि तिथे इंग्रजी अर्थांतही शोधता येतं. त्यातली इंग्रजी जुन्या वळणाची असल्यामुळे मराठी प्रतिशब्दही त्याच वळणाचा मिळतो.

वाडा_जुनेनाशिक:
रेघा मारल्या, तुकडे पडले. 'लेट' दोन्ही अर्थांनी निघाला. भाडं 'पर मेन्सेम' आहे. एकच राहिलं: विहिरीचा उल्लेख कुठेच नाही. अपर्टनन्सेसमध्ये ती धरायची का?

दस्तवाचक:
चतुःसीमेच्या आत असेल तर ती जागेबरोबरच पट्ट्यात आली, वेगळ्या शब्दाची गरज नाही. सीमेबाहेर असेल तर अपर्टनन्सेसमुळे फार तर पाणी भरण्याचा आणि तिथवर जाण्यायेण्याचा हक्क येईल, तोही वाड्याशी आधीपासून जोडलेला असेल तरच. विहिरीखालची जमीन त्यातून येत नाही. तेव्हा चारही बाजूंचा मजकूर सिटी सर्व्हेच्या नकाशाशी जुळवा. दस्तातल्या शेजाऱ्यांची नावं आता बदललेली असणार, म्हणून जुन्या मालमत्ता पत्रकाचा उतारा सोबत ठेवा आणि गोषवारा वाटणीत वापरण्याआधी वकिलांना मूळ दस्तासह दाखवा.