पेपेहा (डोंगर-नदी सांगून करून द्यायची माओरी पद्धतीची ओळख) म्हणायचा की मूल वाचवायचं?

हॅमिल्टनची_माई
न्यूझीलंडला येऊ घातलेल्या समाजकार्यकर्त्यांच्या धाग्यावर काल कुणी तरी ठोकून दिलं: "माओरी सक्षमता, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांसोबत काम करता येणं, हे कागदी सोपस्कार. एक कराकिया (माओरी प्रार्थना) पाठ करा, नोंदणी मिळवा. मूल मार खातंय का हे बघायला डोळे लागतात, संस्कृती नाही." डोकंच उठलं, म्हणून वेगळा धागा.

समाजकार्यकर्त्यांची नोंदणी २०२१ पासून सक्तीची आहे आणि नोंदणी मंडळाच्या क्षमतांच्या यादीत माओरींसोबत काम करता येणं हे पहिल्या क्रमांकावर आहे. ते तिथे उगाच नाही. १९८८ चा 'पुआओ-ते-आता-तू' अहवाल वाचा. माओरी नेते जॉन रांगिहाऊंच्या समितीने समाजकल्याण खात्याच्या तोंडावर सांगितलं की वर्णद्वेष तुमच्या कारभारातच मुरलाय. १९८९ चा मुलं आणि कुटुंबांविषयीचा कायदा आणि फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स (मुलाचं काय करायचं यावर घरच्यांची बैठक) त्यानंतरची.

त्या कॉन्फरन्समध्ये आपलं सांगून झालं की आपण खोलीबाहेर जायचं आणि घरच्यांनी आपसात ठरवायचं. मी पहिल्यांदा बाहेर बसले तेव्हा जीव टांगणीला लागला होता. आत आधी आरडाओरडा, मग कुणाचं तरी रडणं, मग चक्क हशा. दार उघडलं तेव्हा रोटोरुआची एक मावशी मुलाला न्यायला तयार होती. आमच्या फायलीत तिचं नावच नव्हतं, कारण छापील रकाने दोनच, आई आणि वडील. डोळे आम्हालाही होते हो.

खडूस_ऑकलंडकर
तुमची मावशी गुणी निघाली, अभिनंदन. दर वेळी निघते? बालकल्याण खात्यावर माओरींबाबत खास जबाबदारी टाकणारं कलम ७एए काढायचं विधेयक २०२४ ला आणणाऱ्या मंत्रीणबाई स्वतः माओरी, स्वतः सरकारी देखभालीत वाढलेल्या. त्यांचं म्हणणं एकच, मुलाची सुरक्षितता आधी. आता त्यांनाही संस्कृती शिकवणार का?

आणि ट्रेनिंगचं कौतुक पुरे. मराएवर (माओरींच्या सभास्थानी) गाद्या टाकून झोपायचं, बूट बाहेर काढायचे, टेबलावर बसायचं नाही, झालं सर्टिफिकेट. आमच्या टीममधली एकजण अशी सुरेख कराकिया म्हणते की ऐकत राहावं. 'आमेने' झालं की तीच घाई, तेच फॉर्म.

हॅमिल्टनची_माई
देखभालीत वाढलेल्यांचंच ऐकायचं ना? मग एकीचंच का? देखभालीतल्या छळाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा २०२४ चा अहवाल उघडा. १९५० ते २०१९ या काळात सुमारे २ लाख जणांचा छळ झाल्याचा अंदाज आहे, आणि तो जिथे 'सुरक्षित' म्हणून नेलं तिथेच. २०१९ ला हेस्टिंग्जच्या हॉस्पिटलात खात्याचे लोक बाळंतिणीपासून तान्हं बाळ न्यायला गेले, तेव्हाही मुलाची सुरक्षितताच आधी होती.

कृष्णाकाठची
थोडं अवांतर. कोर्सला पेपेहा म्हणताना मी डोंगर सह्याद्री आणि नदी कृष्णा सांगते. चालतं ना?

नागपुरी_ठसका
सगळे मराठी लोक सह्याद्री का सांगतात? महाराष्ट्र घाटमाथ्यावर संपतो काय? आमचा सातपुडा परदेशात पण अनुशेषातच!

मुठेकाठचा
नागपूर ते सातपुडा अंतर बघा आधी. त्यापेक्षा सीताबर्डीची टेकडी सांगा, घरची तरी आहे.

नागपुरी_ठसका
तुम्ही नदी मुठा सांगता ना? वास पण सांगता का मग?

वेलिंग्टन_वारा
भांडा. आमच्या माओरी शिक्षिकेने पहिल्याच तासाला बजावलं होतं, ज्यांचे पूर्वज त्या डोंगराचे त्यांनीच 'माझा डोंगर' म्हणावं. तुम्ही कुठे वाढलात आणि आता कोणाच्या भूमीवर राहता ते सांगा, पुरे. पर्यटन खात्याची जाहिरात करू नका.

कृष्णाकाठची
माझे आजोबा, पणजोबा वाईचेच. घाटावर त्यांचे दहावे झाले. मी माझी नदी म्हणायची नाही? हे म्हणजे आता आपलं गावसुद्धा परवानगी काढून सांगायचं!

वेलिंग्टन_वारा
बाई, वाईचं कोण काढून घेतंय? समोरच्या आजीला एवढंच कळायला हवं की नातवाच्या चौकशीला आलेली ही कोण, कुणाची. ते न सांगता तुम्ही फाइल उघडलीत तर ती चहासुद्धा विचारणार नाही, मग उत्तरं कसली देते?

खडूस_ऑकलंडकर
वा, प्रश्न मूल वाचवायचा होता, आपण वाईच्या घाटावर पोचलो. असो. फायलीत तिसरा रकाना हवा, हे मान्य. चौथाही घ्या, काकासाठी. आता माई, एक सांगा. मावशीने मूल नेलं, त्यानंतर तिच्याकडे कोण गेलं? की तिथे संस्कृती आपोआप जेवू घालते?

हॅमिल्टनची_माई
हे मात्र नेमकं बोललात, टोमणा असला तरी. पलंग आणि शाळेच्या गणवेशाचे पैसे मंजूर व्हायच्या आत मुलगा रोटोरुआला पोचला होता. मावशी रोज फोन करायची आणि ऑफिसातून एकच उत्तर, "अर्ज प्रोसेसमध्ये आहे." मावशी परकी पालक असती तर पलंग आधी आला असता, ही माझी खात्री आहे. त्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

नागपुरी_ठसका
काढा. आणि मुठेकाठच्यांना तिकडे बोलावू नका.