माथेरान: घोड्यावर बसायचं की घोड्यासोबत चालायचं?

कारवी (धागाकर्ती)

हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. त्यावर भरपूर चर्चा झाली. घोड्यांचं पुढे काय, हे मात्र कोणी विचारत नाही. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर गाडी लावली की लगाम धरून चालत येणाऱ्या घोडेवाल्याशी आपला संवाद एवढाच: "मार्केटपर्यंत कितीला?"

माझं मत असं की स्वारी हळूहळू कमी व्हावी. सामान घोड्यावर, माणूस पायी आणि घोडेवाला वाटाड्या. शार्लट लेक, लुईझा पॉइंट, इको पॉइंट हे सगळं अर्ध्या दिवसात निवांत पायी होतं. दक्षिण फ्रान्समध्ये सेव्हेन नावाचा डोंगराळ भाग आहे. १८७८ मध्ये लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तिथे एका गाढवीला घेऊन बारा दिवस चालला. ती आज जीआर-७० नावाची पायी चालण्याची वाट म्हणून आखलेली आहे. लोक अजूनही गाढव भाड्याने घेऊन ती चालतात, ओझं गाढवावर टाकतात आणि मुक्काम वाटेतल्या गावांत करतात. माणसं शहरात निघून गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या त्या गावांना या चालणाऱ्यांचा आधार झाला. आपल्याकडे तर मोटारी आधीपासूनच बंद आहेत. मग अडचण काय?

---

नेरळकर

अडचण रविवारची आहे, ताई. रविवारी एक घोडा चार-पाच फेऱ्या मारतो, त्यावर आठवडा निघतो. तुमचे चार जण आले की आज चार घोडे लागतात. तुमच्या योजनेत चौघांच्या बॅगा एका घोड्यावर. उरलेल्या तीन घोडेवाल्यांनी काय करायचं? मोकळ्या घोड्यालाही चंदी लागते, नाल लागतात. पावसाळ्यात तर माणूस फिरकत नाही, पण घोडा बाराही महिने खातो.

आणि घोड्यासोबत चालण्याचं पर्यटन आमची पोरं रोज करतातच की! तुम्ही वर बसता, तो लगाम धरून खाली पळतो, पायात स्लिपर घालून. पुष्कळदा घोडा एकाचा आणि पळणारा दुसराच असतो, हे पाहुण्यांना माहीतही नसतं.

---

खोगीरभरती

मी उघडपणे ई-रिक्षावाला आहे. लीद आणि तांबडी धूळ नाकात भरून घेण्याला 'शाश्वत' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. टापांनी माती मोकळी होते, पहिल्या पावसात ती वाहून जाते आणि दरवर्षी रस्ता खाली जातो. झाडांची मुळं उघडी पडलेली बघायला लांब जावं लागत नाही. पायी चालणाऱ्यांसाठी घोडे आणखी आतल्या वाटांवर घातलेत, तर तिथेही तेच होईल. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांनी दस्तुरीपासून अडीच-तीन किलोमीटर हवा खात चालायचं का?

---

कारवी

सासूबाईंनी ई-रिक्षानेच यावं, ई-रिक्षाला माझा विरोध नाही. मी धडधाकट माणसांबद्दल बोलतेय. मातीचं म्हणाल तर पळणारा घोडा आणि चालणारा घोडा यात फरक आहे. भरधाव सोडलेल्या घोड्याच्या टापा जमीन उकरतात.

---

टाच_आणि_नाल

व्यवसायाने पशुवैद्य आहे, म्हणून दोन गोष्टी. घोड्यावर त्याच्या वजनाच्या साधारण वीस टक्के भार ठीक, असा ठोकताळा आहे आणि त्यात खोगीरही आलं. तीनशे किलोच्या तट्टावर साठ किलो. नव्वद किलोचा माणूस चढतो तेव्हा काय होतं, ते तुम्हीच बघा.

पण सामान म्हणजे आपोआप दया, असंही नाही. माणूस चढावर पुढे झुकतो, उतारावर मागे रेलतो. चाकांची सूटकेस ते करत नाही. स्वारीच्या खोगिरावर दोरीने बांधलेली, एका बाजूला कललेली बॅग दर पावलाला पाठ घासते. ओझ्याचं खोगीर वेगळं लागतं, खाली जाड गादी लागते आणि दोन्ही बाजूंना वजन सारखं लागतं. पुढच्या वेळी खोगीर उतरवलेला घोडा दिसला तर खांद्यांच्या मागे, पाठीच्या उंचवट्यावर नजर टाका. काळ्या-तपकिरी घोड्याला तिथेच पांढऱ्या केसांचे ठिपके असले, तर बहुतेक तिथे कधीतरी जखम होऊन गेली आहे.

---

माणदेशी

फ्रान्सपर्यंत कशाला जायचं? आमचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा सगळा संसार घोड्यावर असतो. भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी तान्हं पोर. मोठी माणसं पायीच. त्यांच्या वाड्यासोबत, म्हणजे माणसं-मेंढरांच्या फिरत्या तांड्यासोबत, चार दिवस चाला म्हणावं, हळू पर्यटन म्हणजे काय ते कळेल.

---

नेरळकर

@माणदेशी, कळेल, पण त्यांना कशाला त्रास? ते रात्री कोणाच्या शेतात मेंढरं बसवतात ती खतासाठी, त्याचा मोबदला ठरलेला असतो. तिथे कॅमेरेवाले चौघे जण तंबू ठोकून बसले तर आधी शेतकरीच विचारेल, ही कोण मंडळी?

---

माणदेशी

ते खरं. माझा मुद्दा एवढाच की ही रीत आपल्याकडे आहे, कोणाकडून शिकायची गरज नाही.

---

कारवी

पटलं. एक राहिलं. पाहुण्यांना एका दिवसात पॉइंट उरकून परत पाठवण्याऐवजी खाली धोदाणीत मुक्काम ठेवला, तर पैसा डोंगराखालच्या वाड्यांतही जाईल. आज तिथल्या बायका रानमेवा घेऊन वर चढतात आणि बाजारात बसतात. गिऱ्हाईक त्यांच्या दारात का जाऊ नये?

---

नेरळकर

मुक्कामाची कल्पना चांगली आहे, पण घोडा त्यातून वगळा. सनसेट पॉइंटकडून धोदाणीला उतरणारी वाट दगडगोट्यांची, सरळ खाली जाणारी. भरलेला घोडा तिथे घालणारा माणूस मला दाखवा. तिथे पाठीवर आपलीच सॅक आणि वाटाड्या म्हणून वाडीतलाच कोणी. घोडा वरच्या सपाटीवर.

---

खोगीरभरती

म्हणजे 'प्राण्यांसोबत चालण्याचं पर्यटन' आता प्राण्यांविना झालं. छान.

---

नेरळकर

हसा. पण वरच्या सपाटीपुरतं मी तयार आहे, माझ्या अटीवर. सोमवार ते गुरुवार घोडे उभेच असतात, तेव्हा करा. शनिवार-रविवारला हात लावू नका. घोड्याचे पैसे वेगळे, सोबत चालणाऱ्या माणसाचे वेगळे आणि माणसाचे पैसे थेट त्याच्या हातात, मालकाच्या नाही. झाड कोणतं, पक्षी कोणता, पाणी कुठून येतं हे सगळं त्याला ठाऊक आहे. त्याची मजुरी शहरातल्या ट्रेक लीडरएवढी हवी. स्वारीपेक्षा स्वस्त पडतं म्हणून कोणी चालायला येणार असेल, तर त्याने एकट्यानेच चालावं.

---

कारवी

आणि ओझ्याचं खोगीर कोण करणार?

---

नेरळकर

ते पाहुण्यांनी आधी पैसे भरले की आमचा माणूस करून देईल. डॉक्टरसाहेबांनी फक्त माप सांगावं.