प्रतिसाद: पायथनमध्ये स्ट्रिंगचं बूलियन करताना

मजकूर म्हणून आलेल्या "ट्रू" किंवा "फॉल्स"चं (म्हणजे स्ट्रिंगचं) खऱ्या ट्रू-फॉल्समध्ये, म्हणजे बूलियनमध्ये, रूपांतर कसं करायचं असा प्रश्न होता. बूल("फॉल्स") लिहिलं की ट्रूच मिळतं, हे आधीच्या उत्तरात आलंय ते बरोबरच. पायथन स्ट्रिंगचा अर्थ बघत नाही, ती रिकामी आहे का एवढंच बघतो. पण त्यावर उपाय म्हणून तिथे सुचवलेला, पायथनसोबत येणाऱ्या डिस्टयुटिल्स या मॉड्यूलमधला स्ट्रटूबूल (असं रूपांतर करणारं फंक्शन) आता वापरू नका. पायथन ३.१० पासून ते मॉड्यूल मोडीत निघालं होतं आणि २०२३ च्या ३.१२ मध्ये काढूनच टाकलं. गंमत म्हणजे सेटअपटूल्स हे वेगळं पॅकेज टाकलेलं असेल तर ते तिथूनही चालतं, म्हणून एका मशीनवर कोड धावतो आणि नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टसाठीच्या वेगळ्या, कोऱ्या पायथन मांडणीत) मॉड्यूल सापडत नाही. शिवाय स्ट्रटूबूल बूल देत नव्हता, १ किंवा ० देत होता, आणि स्ट्रिंगच्या शेवटी एक स्पेस राहिली तरी व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची एरर).

त्यापेक्षा चार ओळींचं फंक्शन बरं: आधी स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढणं), मग लोअर (सगळी अक्षरं लहान करणं), मग ट्रू-येस-ऑन-१ आणि फॉल्स-नो-ऑफ-० असे दोन संच, दोन्हींत नसेल तर एरर. 'बाकी सगळं फॉल्स' असं मात्र करू नका, नाहीतर कुणी ट्रूचं स्पेलिंग चुकवलं तर सेटिंग गुपचूप बंद होईल. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) आणखी एक खोच: ते वाचणाऱ्या गेटला दिलेली डीफॉल्ट किंमत व्हेरिएबल नसेल तेव्हाच लागते. ते आहे पण रिकामं, तर रिकामी स्ट्रिंगच येते. तिचं काय करायचं ते आधी ठरवा. कमांड लाइनसाठी आर्गपार्समध्ये (तिथले पर्याय वाचणाऱ्या मॉड्यूलमध्ये) टाइप म्हणून बूल देणं हीच चूक पुन्हा. तिथे स्टोअर_ट्रू पुरतं: पर्याय लिहिला तर ट्रू, नाहीतर फॉल्स.